नागपुरात बसून भूकंप मोजायला शिका: आलेखातल्या रेघेपासून बातमीतल्या आकड्यापर्यंत

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगु जिल्ह्यात भूकंप झाला. गडचिरोली आणि चंद्रपुरात लोक घराबाहेर आले, नागपुरातही अनेकांना धक्का जाणवला. काही मिनिटांतच मोबाइलवर बातमी आली: मॅग्निट्यूड ५.३, खोली ४० किलोमीटर. त्या दिवशी बहुतेकांनी ५.३ हा आकडा एकमेकांना पाठवला आणि विषय संपला. पण तो आकडा कुठून येतो, तो नेमकं काय मोजतो आणि आपल्याला जे जाणवलं त्याच्याशी त्याचा काय संबंध, हे समजून घेणं अवघड नाही. नकाशा, कंपास, पट्टी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर यातलं बरंचसं स्वतः करून पाहता येतं. विदर्भातल्या शाळा-कॉलेजांत हे करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक पायरी सविस्तर लिहितो आहे.

आधी यंत्र समजून घ्या

भूकंप मोजण्यातली मूळ अडचण अशी की जमीन हलते तेव्हा जमिनीवरचं सगळंच हलतं. घर हलतं, टेबल हलतं, टेबलावरचं यंत्रही हलतं. मग मोजायचं कशाच्या तुलनेत? उत्तर जडत्वात आहे. ‘आपली बस’ झटक्यात सुटली की उभा प्रवासी मागे जातो. खरं तर बस पुढे जाते आणि त्याचं शरीर जागच्या जागी राहू पाहतं. भूकंपमापकात हेच काम स्प्रिंगला किंवा लोलकाला टांगलेलं एक वजन करतं. चौकट जमिनीसोबत हलते, वजन क्षणभर मागे राहतं आणि त्या दोघांमधलं अंतर किती बदललं याची नोंद होते.

जुन्या यंत्रांत वजनाला सुई लावलेली असे आणि ती काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढत असे. आता वजनाजवळ तारेचं वेटोळं आणि चुंबक असतात. दोघांची सापेक्ष हालचाल झाली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, तिचे आकडे होतात आणि ते संगणकात जातात. आजच्या ब्रॉडबँड यंत्रांत आणखी एक युक्ती आहे. वजनाला हलूच द्यायचं नाही, विद्युतबलाने जागेवर धरून ठेवायचं आणि त्यासाठी किती बल लावावं लागलं ते मोजायचं. त्यामुळे सेकंदाला अनेकदा होणारी थरथर आणि शंभर सेकंदांचा संथ हेलकावा, दोन्ही एकाच यंत्रात पकडता येतात.

प्रत्येक केंद्रावर तीन दिशांची नोंद होते: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. सोबत जीपीएसवरून घेतलेली अचूक वेळ असते. पुढचं सगळं गणित सेकंदांवर उभं असल्याने घड्याळ चुकलं तर उरलेली नोंद फारशी उपयोगाची राहत नाही. जोरदार धक्क्यांसाठी त्वरणमापक हे वेगळं यंत्र लागतं, कारण नाजूक भूकंपमापक जवळच्या मोठ्या भूकंपात कमाल मर्यादेला जाऊन अडकतो आणि त्याच्या रेघेची टोकं छाटली जातात.

जागाही निवडून घ्यावी लागते. पक्का खडक हवा, रस्ता, रेल्वे, कारखाना, मोठी झाडं लांब हवीत. झाडं का, तर वाऱ्याने झाड हललं की मुळांसोबत जमीनही हलते आणि यंत्राला ते कळतं. एवढंच नाही, समुद्राच्या लाटांमुळे निर्माण होणारी काही सेकंदांच्या आवर्तनाची बारीक थरथर देशाच्या मध्यभागी असलेल्या यंत्रावरही उमटते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नागपूरसारख्या ठिकाणीही, समुद्र अखंड नोंदला जातो. मला या विषयातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

आलेख वाचायचा कसा

भूकंपालेखावर डावीकडून उजवीकडे वेळ सरकत जाते. सुरुवातीला नेहमीची बारीक थरथर दिसते. मग अचानक रेघ उसळते, ती पी लहर, म्हणजे प्राथमिक लहर. ही ध्वनीसारखी दाबत-ताणत येते आणि सर्वात वेगवान असते. थोड्या वेळाने दुसरी, जास्त उंच उसळी येते, ती एस लहर, म्हणजे दुय्यम लहर. ती जमिनीला आडवं हलवते, म्हणून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिमच्या रेघांत ती ठळक दिसते. तिच्या मागून पृष्ठभागालगत धावणाऱ्या संथ लहरी येतात. भूकंप उथळ आणि मोठा असेल तर दूरच्या आलेखात सर्वात उंच रेघा यांच्याच असतात.

या तिन्ही लहरी प्रत्यक्ष आलेखांत वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या त्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या आर. डी. ओल्डहॅम यांनी, १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून. पुढे १९०६ मध्ये अशाच लहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यांनीच मांडला. त्याच संस्थेचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आज आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना हे माहीत असावं.

तुमचं पहिलं काम: पी जिथे सुरू होते तिथे पेन्सिलने खूण करा, एस जिथे सुरू होते तिथे दुसरी. उसळीचा शेंडा पकडू नका, उसळी जिथून निघते तो क्षण पकडा. एस ची सुरुवात पी च्या शेपटीत मिसळलेली असते, त्यामुळे तिथे डोळ्याला सराव लागतो. आडव्या दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या तर ती सापडते.

इथेच वेळेचं एक पथ्य पाळा. जगभरचे आलेख आणि याद्या जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. किल्लारीचा भूकंप आपल्या वेळेनुसार ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झाला, पण आंतरराष्ट्रीय यादीत तो २९ सप्टेंबरला सापडतो. जबलपूरचा २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप २१ मे खाली असतो. पहाटेचा भूकंप शोधताना आदल्या दिवसाचं पान उघडा.

अंतर काढा, मग वर्तुळं

भूकवचाच्या वरच्या भागात पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, एस साधारण साडेतीन. जितकं दूर जावं तितका दोघींमधला वेळ वाढत जातो. यावरून निघणारा ठोकताळा असा: पी आणि एस मधले सेकंद गुणिले ८, म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. जवळच्या, साधारण दीड-दोनशे किलोमीटरपर्यंतच्या भूकंपांना तो छान चालतो. त्यापलीकडे आधी पोहोचणारी लहर कवचाच्या तळाखालच्या जास्त वेगवान थरातून वळसा घेऊन येते, त्यामुळे आठाच्या जागी नऊ-दहा घ्यावं लागतं. मुलुगुच्या भूकंपाची जागा नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. तिथून पी लहर इथे यायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं आणि एस तिच्यामागे साधारण अर्ध्या मिनिटाने पोहोचते.

आता सराव. पुढची केंद्रं आणि सेकंद मी उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा एकाच भूकंपाचे तीन आलेख हातात आहेत. नागपूरच्या आलेखात पी आणि एस मध्ये १३ सेकंद, जबलपूरच्या आलेखात २० सेकंद, गोंदियाच्या आलेखात १८ सेकंद. आठाने गुणलं की अंतरं येतात १०४, १६० आणि १४४ किलोमीटर. एक सेंटिमीटरला २० किलोमीटर या प्रमाणाचा मध्य भारताचा नकाशा घ्या. नागपूरवर कंपासचं टोक ठेवून ५.२ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा, मग जबलपूरवरून ८ सेंटिमीटरचं. ही दोन वर्तुळं एकमेकांना दोन जागी छेदतील: एक छेद छिंदवाड्याजवळ, दुसरा बालाघाटच्या पश्चिमेला. दोन्हींपैकी खरा कोणता हे दोन केंद्रांवरून ठरूच शकत नाही. आता गोंदियावरून ७.२ सेंटिमीटरचं तिसरं वर्तुळ काढा. ते छिंदवाड्याकडच्या छेदातून जाईल. अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा, सापडलं.

प्रत्यक्षात तिन्ही वर्तुळं एका टिंबात मिळत नाहीत, मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. तुमचं काही चुकलं असं समजू नका. एक तर खडक सगळीकडे सारखा नसतो, आणि दुसरं म्हणजे तुम्ही मोजलेलं अंतर जमिनीवरच्या अपिकेंद्रापर्यंतचं नसून जमिनीखालच्या भूकंपनाभीपर्यंतचं तिरकं अंतर असतं. वर्तुळं एकमेकांवर जास्त चढत असतील तर नाभी खोल असण्याची शक्यता असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रात हेच काम संगणक करतो. तो एक जागा, एक खोली आणि एक वेळ धरतो, प्रत्येक केंद्रावर लहर केव्हा यायला हवी होती ते काढतो, प्रत्यक्ष नोंदीशी ताडून फरक कमी होईपर्यंत जागा सरकवत राहतो. मग प्रशिक्षित माणूस ते तपासतो. पहिल्या बातमीतला आकडा थोड्या वेळाने बदलतो तो यामुळेच.

यात सर्वात कच्चं उत्तर खोलीचं असतं. केंद्र भूकंपाच्या अगदी जवळ नसेल तर नाभी ५ किलोमीटरवर आहे की १५, हे लांबून नीट कळत नाही. यादीत पुन्हा पुन्हा नेमकी १० किलोमीटर खोली दिसते तेव्हा ती बऱ्याचदा मोजलेली नसते, गणित सुटावं म्हणून धरलेली असते. मात्र खोलीला महत्त्व फार आहे. मुलुगु आणि जबलपूर या दोन्हींची नाभी ३५ ते ४० किलोमीटर खाली, म्हणून ते लांबवर जाणवले. किल्लारीची उथळ होती, म्हणून त्या पट्ट्यावर सगळा जोर आला.

मॅग्निट्यूड: रिश्टर आणि त्यानंतर

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात ही पद्धत बसवली. वुड-अँडरसन नावाचं ठरावीक यंत्र घ्यायचं. भूकंप १०० किलोमीटरवर असताना त्या यंत्राच्या आलेखात रेघ १ मिलिमीटर उसळली तर त्या भूकंपाला ३ म्हणायचं. १० मिलिमीटर उसळली तर ४, १०० मिलिमीटर उसळली तर ५. दर आकड्याला उसळी दहापट. उसळी २३ मिलिमीटर असेल तर कॅल्क्युलेटरवर २३ चा लॉग काढा, १.३६ येतो, त्यात ३ मिळवा: ४.३६, म्हणजे ४.४. अंतर शंभराहून कमी-जास्त असेल तर त्यासाठी तक्त्यातून दुरुस्ती घ्यायची, कारण लांब जाताना लहर क्षीण होते. एकाच केंद्रावर विसंबायचं नाही, अनेक केंद्रांची सरासरी घ्यायची.

ही पद्धत मोठ्या भूकंपांत तोकडी पडते. साडेसहा-सातच्या पुढे भूकंप कितीही मोठा झाला तरी त्या यंत्राच्या रेघेची उंची त्या प्रमाणात वाढत नाही, कारण वाढलेली ऊर्जा त्याला न कळणाऱ्या संथ लहरींत जाते. म्हणून १९७० च्या दशकात कानामोरी आणि हँक्स यांनी मोमेंट मॅग्निट्यूड पुढे आणलं. बातम्यांत आजही ‘रिश्टर स्केल’ लिहितात, पण मोठ्या भूकंपांचा जो आकडा तुम्ही वाचता तो बहुधा मोमेंट मॅग्निट्यूड असतो.

हे समजायला सोपं आणि जास्त अर्थपूर्ण आहे, म्हणून यावर थोडा वेळ द्या. जमिनीखाली भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तेव्हा तीन गोष्टी मोजायच्या: किती क्षेत्रफळाची भेग सरकली, सरासरी किती सरकली आणि खडक किती ताठ आहे. तिघांचा गुणाकार म्हणजे भूकंपाचा मोमेंट. उदाहरणादाखल १५ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद भेग घ्या. क्षेत्रफळ १५ कोटी चौरस मीटर. सरकणं अर्धा मीटर. कवचातल्या खडकाचा ताठपणा ३ वर १० शून्यं. गुणाकार येतो २२५ वर १६ शून्यं. त्याचा लॉग १८.३५. त्यातून ९.१ वजा करा, उरतात ९.२५. त्याला २ ने गुणून ३ ने भागा: ६.१७, म्हणजे ६.२. किल्लारीचा मोमेंट मॅग्निट्यूड एवढाच होता. अर्धा मीटर सरकण्याने केवढं होतं पाहा.

ऊर्जेचा हिशेब करताना एका आकड्याला सुमारे ३२ पट धरा, दोन आकड्यांना हजारपट. किल्लारी मुलुगुपेक्षा ०.९ ने मोठा, म्हणजे ऊर्जा साधारण २२ पट. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप ७.७, म्हणजे मुलुगुच्या जवळपास ४००० पट. वेगवेगळ्या संस्थांच्या आकड्यांत एक-दोन दशांशांचा फरक पडतो, कारण केंद्रं आणि पद्धती वेगळ्या असतात. भूज कुठे ७.६ दिसतो, कुठे ७.७. तेवढ्यावरून वाद घालू नये.

खाणीतला स्फोट की भूकंप?

नागपूर जिल्ह्यात हा प्रश्न येतोच. उमरेड, कन्हान, पारशिवनी या भागांत कोळशाच्या खाणी आहेत आणि तिथे सुरुंग लावले जातात. मे २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्यात अडीचच्या आसपासचे धक्के राष्ट्रीय यादीत नोंदले गेले, तेव्हा हे खाणीतले स्फोट असावेत का याची चर्चा झाली.

तपासायचं असं. पहिली उसळी कोणत्या दिशेला आहे ते प्रत्येक केंद्रावर पाहा. स्फोट सगळ्या बाजूंना ढकलतो, म्हणून सगळीकडे जमीन आधी वर उचलली जाते. भेग सरकते तेव्हा काही दिशांना ढकललं जातं, काहींना ओढलं जातं. त्यामुळे काही केंद्रांवर पहिली उसळी वर असते, काहींवर खाली. दुसरी खूण म्हणजे स्फोटात एस लहर पी च्या मानाने दुबळी असते. तिसरी, स्फोट जमिनीलगत होतो, त्यामुळे जवळच्या आलेखात पृष्ठभागावरून येणारी लहर ठळक उमटते. शिवाय घड्याळ पाहा. धक्के महिनोन्‌महिने ठरावीक जागी, दिवसाच्या ठरावीक वेळी येत असतील आणि आलेख एकसारखे दिसत असतील तर स्फोटाचा संशय बळावतो. यातली एकच खूण पुरेशी नसते. छोट्या धक्क्यांत पहिली उसळी गोंगाटात बुडते, आणि खाणीत एकामागोमाग लावलेले सुरुंग आलेख आणखी गुंतागुंतीचा करतात. चार खुणा एकाच बाजूला झुकल्या तरच निष्कर्ष काढावा.

मोबाइल आणि घरचं यंत्र

मोबाइलमध्ये छोटा त्वरणमापक असतोच. फायफॉक्ससारखं मोफत अॅप घ्या, मोबाइल तळमजल्याच्या फरशीवर भिंतीच्या कोपऱ्यात सपाट ठेवा आणि शेजारी टाच आपटा. रेघ उसळेल. मग एक मीटरवरून, दोन मीटरवरून आपटा आणि उसळी अंतरासोबत कशी घटते ते मांडा. फ्रिज आणि बोअरची मोटर चालू-बंद करून पाहिलं की यंत्राला गोंगाट म्हणजे काय ते लगेच कळतं. याने दूरचा छोटा भूकंप मिळणार नाही, मोबाइलचा स्वतःचा गोंगाट त्याहून मोठा असतो. शाळेला थोडा खर्च परवडत असेल तर जिओफोन (जमिनीची थरथर पकडणारा छोटा संवेदक) आणि छोटा संगणक असलेलं रास्पबेरी शेकसारखं यंत्र घ्यावं. ते तळमजल्यावर, रस्त्यापासून लांबच्या खोलीत, फरशीवर घट्ट बसवावं.

तुम्ही स्वतः एक नोंद आहात

मॅग्निट्यूड एका भूकंपाचं एकच असतं. जाणवलेली तीव्रता मात्र गावागणिक, कधी मजल्यागणिक बदलते, आणि ती यंत्राशिवाय माणसांकडूनच मोजली जाते. त्यासाठी भारतात एमएसके आणि मर्केली हे बारा पायऱ्यांचे तक्ते वापरतात. तिसरी पायरी म्हणजे घरात शांत बसलेल्या थोड्यांना जाणवणं. चौथीत तावदानं, दारं, मांडणीवरची भांडी वाजतात. पाचवीत झोपलेले जागे होतात, टांगलेल्या वस्तू चांगल्याच झुलतात. सहावीत लोक घाबरून बाहेर पळतात, गिलाव्याला चिरा जातात. सातवीपासून कच्च्या बांधकामांचं नुकसान सुरू होतं.

किल्लारी परिसरात घरांच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत बांधलेल्या, आणि वर मातीचं जड छत. पहाटे माणसं झोपेत होती. ६.२ च्या भूकंपात १० हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या नकाशात झोन १ रद्द झाला आणि नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे नव्या सर्वात खालच्या झोनमध्ये आलं. झोनचा आकडा वाचताना किल्लारी आठवावी.

नागपूरची जमीनही एकसारखी नाही. सीताबर्डीच्या टेकडीवर काळा पाषाण, पूर्वेकडे फार जुने खडक, आणि कित्येक वस्त्यांखाली काळ्या मातीचा थर. मऊ जमिनीत लहर मंदावते आणि तिची उंची वाढते, त्यामुळे एकाच शहरात शेजारच्या दोन वस्त्यांना वेगळा धक्का जाणवू शकतो. उंच इमारत दूरच्या भूकंपाच्या संथ लहरींना जास्त झुलते. म्हणून मुलुगुसारख्या धक्क्यात वरच्या मजल्यावरचा माणूस पंखा झुलताना पाहतो आणि तळमजल्यावरच्याला काही कळतही नाही. दोघंही खरं सांगत असतात.

धक्का जाणवला की आधी सुरक्षित व्हा, मग आठवण ताजी असतानाच लिहा: वेळ, वस्ती, कितवा मजला, तुम्ही बसलेले होता, उभे की झोपलेले, साधारण किती सेकंद, एक झटका की दोन, आवाज आला का, काय वाजलं, काय झुललं, काय पडलं, भिंतीला नवी चीर गेली का. धक्क्याची दिशा सांगायचा मोह टाळा, घरातून ती बरोबर कळत नाही. ही माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर भरता येते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरही तसाच अर्ज आहे आणि तो जगातल्या कुठल्याही गावासाठी चालतो. घरातल्या चौघांना वेगवेगळं जाणवलं असेल तर चार अर्ज भरा. आणि शहरात सगळे बोलत असताना तुम्हाला काहीच जाणवलं नसेल तर तेही कळवा, कारण नकाशावर धक्का कुठवर पोहोचला ती रेघ जाणवलं म्हणणारे आणि नाही म्हणणारे यांच्या मधूनच काढली जाते.